एकदा सोडलेलं बँडेज पुन्हा बांधावं का?

त्वचेला चिकटत नाही, केसांना चिकटत नाही, पण स्वतःवर मात्र घट्ट बसतं. क्लिप नको, गाठ नको, कात्री नसली तरी हातानं फाडता येतं. कोहेसिव्ह बँडेज या नावानं ओळखलं जाणारं हे लवचीक बँडेज सोडल्यावरही इतकं धडधाकट दिसतं की ते टाकायला हात धजत नाही. त्यामुळे या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आला आहे.

प्रश्न : मनगट मुरगळलं होतं म्हणून चार दिवस कोहेसिव्ह बँडेज बांधलं. रक्त लागलेलं नाही, फाटलेलं नाही. नीट गुंडाळून ठेवलं तर पुढच्या वेळी चालेल का?

नाही, ठेवू नका. स्वच्छतेचं कारण आहेच, पण त्याआधीचं कारण बँडेजच्या घडणीत आहे.

न विणलेलं, जाळीसारखं पातळ कापड, त्यात लांबीच्या दिशेनं सोडलेले बारीक लवचीक धागे आणि या सगळ्यावर रबराच्या चिकाचा किंवा कृत्रिम रबराचा लेप, अशी याची रचना असते. कोबॅन किंवा प्राण्यांसाठीचं व्हेटरॅप ही याच जातीची नावं. गोंद समोर येईल त्याला चिकटतो. हा लेप फक्त आपल्यासारख्याच लेपाला धरतो. रबराचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. लेप दिलेले दोन थर एकमेकांवर दाबले की या साखळ्यांची मोकळी टोकं एकमेकांत शिरतात आणि गुंततात. त्यासाठी दोन्ही थरांचा अगदी थेट स्पर्श व्हावा लागतो. मधे त्वचेचा कोंडा आला, कपड्याचा तंतू आला, घामाचं मीठ किंवा मलमाचा तेलकटपणा आला, की तेवढ्या जागेपुरतं गुंतणं थांबतं.

सोडलेली पट्टी खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरा. जिथे थरावर थर होता तिथे बारीक तंतू उपटून उभे राहिलेले दिसतील, मांजराच्या अंगावरची लव उलटी फिरवल्यासारखे. थर सोडवताना लेप नेहमी मधोमध सुटत नाही. कुठे एका बाजूचा लेप दुसरीवर जातो, कुठे कापडाचे तंतूच ओढून काढतो. मधले लवचीक धागे काही ठिकाणी तुटून आखडलेले असतात आणि कडा दोऱ्यासारखी वळलेली असते. खाचांमध्ये पांढुरकी पूड दिसते, ती चार दिवसांत सुटलेली त्वचा.

नेमकी मेख अशी की अशी पट्टी पुन्हा बांधली तर ती लगेच सुटत नाही. चिकटते, फक्त ठिपक्याठिपक्यांनी. मनगट वळलं की एक वेढा सरकतो, खालच्या वेढ्यावर चढतो आणि रुंद पट्टीची अरुंद दोरी होते. आधार जातो आणि त्या एका रेषेवर दाब मात्र वाढतो. शिवाय चार दिवस ताणलेले धागे मूळ लांबीवर पूर्ण परत येत नाहीत, आणि जे येतात ते सगळीकडे सारखे येत नाहीत. हाडावरून गेलेला भाग जास्त ढिला, कडेचा कमी. नवं बँडेज बांधताना हाताला ताणाचा जो अंदाज येतो, तो जुन्यावर फसतो. मग माणूस ‘सैल वाटतंय’ म्हणून आणखी दोन वेढे देतो. पुन्हा वापरलेल्या बँडेजनं होणारी सर्वांत मोठी इजा इथूनच सुरू होते.

स्वच्छतेचं म्हणाल, तर रक्त दिसलं नाही म्हणजे पट्टी स्वच्छ आहे असं नाही. त्वचेवर वावरणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कोरड्या कापडावर आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. नायट्याची बुरशी तर गळून पडलेल्या त्वचेच्या कणांत महिनोन्‌महिने जिवंत राहते. चार दिवस बंद राहिलेल्या त्वचेवरचा घाम आणि ऊब या दोघांनाही मानवते. पुढच्या वेळी तिथे जेमतेम एखादा ओरखडा असला तरी पुरतो.

पाकिटावर पाहा. इंग्रजी २ चा आकडा वर्तुळात आणि त्यावर तिरपी रेघ असेल, तर त्याचा अर्थ ‘दोन दिवसांत वापरा’ असा नाही. ‘पुन्हा वापरू नका’ असा आहे.

प्रश्न : धुऊन, स्पिरिट लावून किंवा उकळून घेतलं तर?

प्रत्येक उपायात एक गोष्ट साधते आणि दुसरी बिघडते.

साबणाच्या पाण्यानं वरचा मळ जातो, पण साबणाचा अंश लेपावर राहतो आणि थर एकमेकांना धरेनासे होतात. शिवाय धुताना पट्टी स्वतःवरच चिकटते, तिचा गोळा होतो आणि तो सोडवताना उरलासुरला लेप निघतो. उकळत्या पाण्यात जंतू मरतील, पण लेप मऊ होऊन सरकतो आणि धाग्यांचा ताण जातो. रुग्णालयातल्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाची वाफ असते. धातूची उपकरणं ती सोसतात, हे बँडेज सोसत नाही. ब्लीचच्या पाण्यानं रबराचं ऑक्सिडीकरण होतं. पट्टी आधी कडक होते, मग ताणल्यावर तडकते. ७० टक्के अल्कोहोल कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर चांगलं काम करतं. मळ आणि कोंडा अडकलेल्या जाळीदार कापडात ते सगळीकडे पुरेसा वेळ ओलं राहत नाही, त्यामुळे निर्जंतुक केल्याचा फक्त भास होतो. आणि ऊन? अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला ओझोन हे तिन्ही रबराचे शत्रू आहेत.

जे धुऊन स्वच्छ होईल ते धरणार नाही, आणि जे अजून धरतं आहे ते स्वच्छ झालेलं नाही.

प्रश्न : रोलमधलं अर्धंच वापरलं. उरलेला रोल टाकायचा का?

अजिबात नाही. न उलगडलेला रोल म्हणजे वापरलेलं बँडेज नव्हे, आणि ही गल्लत करून चांगला रोल टाकू नये. अट एकच : तो जखमेला, रक्ताला किंवा ज्या हातानं जखम हाताळली त्या हाताला लागलेला नसावा. म्हणून बांधायच्या आधीच लागेल तेवढी पट्टी कापून घ्यावी. प्रौढ माणसाच्या मनगटाला ५ सेंटिमीटर रुंदीची साधारण ८० ते १०० सेंटिमीटर (न ताणलेली) पट्टी पुरते, बोटाला २.५ सेंटिमीटर रुंदीची २० ते २५. कमी पडली तर दुसरा तुकडा पहिल्याच्या टोकावर दाबून पुढे नेता येतो, कारण ती आपलीआपण धरते. एवढी सोय क्रेप बँडेजमध्येही नाही.

उरलेला रोल झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत, अंधारात आणि थंड जागी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डखाली ठेवलेली प्रथमोपचार पेटी ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा. तिथल्या उष्णतेनं थर एकमेकांत इतके मुरतात की उलगडताना पट्टी फाटते. न वापरलेल्या रोलचीही मुदत असते, ती पाकिटावर छापलेली असते. म्हणून पाकिटाचा तो भाग कापून रोलबरोबरच ठेवावा.

प्रश्न : मी शाळेत खेळ शिकवतो. मुलं नडगीचे पॅड आणि मोजे जागेवर राहावेत म्हणून वरून हे बँडेज बांधतात. मध्यंतरात सोडतात, पुन्हा बांधतात. त्यालाही बंदी घालू का?

इथे आमचं उत्तर थोडं वेगळं आहे. पट्टी त्वचेवर नाही, मोज्यावर आहे. काम आधार देण्याचं नाही, नुसतं धरून ठेवण्याचं आहे. आणि मूल तेच आहे. अशा वेळी त्याच दिवशी, त्याच मुलानं पुन्हा बांधली तर धोका फार कमी. फक्त पट्टी घामानं किंवा चिखलानं ओली नसावी. आधी एक चाचणी करून पाहा : दोन्ही टोकं साधारण १० सेंटिमीटर एकमेकांवर ठेवून तळहातानं दाबा, मिनिटभर थांबा आणि लांबीच्या दिशेनं ओढा. सरकली तर ती पट्टी गेली.

तीच पट्टी दुसऱ्या मुलाला देऊ नये. घोट्याला किंवा गुडघ्याला आधार म्हणून बांधायची असेल तर ही सवलत नाही. ढिली पट्टी बांधलेला खेळाडू घोट्याला आधार आहे असं समजून पाय टाकतो. काहीच न बांधलेला निदान जपून टाकतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून बघा. मोजा आणि पॅड घसरू नये म्हणून मुलं पोटरीच्या वर, गुडघ्याखाली एकाच जागी चार-पाच घट्ट वेढे देतात. ती दोरी झाली. वेढे पॅडच्या लांबीभर पसरून द्यायला शिकवा, दोन थरांपेक्षा जास्त नको.

प्रश्न : पायाचा घोटा मुरगळला आहे. डॉक्टरांनी रात्री बँडेज सोडायला सांगितलं आहे. रोज नवं बँडेज म्हणजे फारच नासाडी. काही मार्ग?

मार्ग आहे आणि तो सोपा आहे : या कामाला कोहेसिव्ह बँडेज घेऊच नका, क्रेप बँडेज घ्या. एकदा बांधलं की ड्रेसिंग बदलेपर्यंत हलवायचं नाही, अशा जागी कोहेसिव्हचा उपयोग होतो. सकाळी बांधायचं, रात्री सोडायचं, असं असेल तिथे धुता येणारं क्रेप.

क्रेपमध्ये लेप नसतो. सुती धाग्याला खूप पीळ देऊन विणलेलं असतं. काही प्रकारांत जोडीला लवचीक धागा असतो. पिळाचा धागा ओढला की सरळ होतो, सोडला की आखडतो. दिवसभर ताणून तो थकतो, पण पाण्यात भिजला की पीळ पुन्हा आवळला जातो. म्हणून क्रेप बँडेज धुतल्यानं स्वच्छ तर होतंच, त्याची लवचीकताही बरीचशी परत येते. मळकं वाटलं नाही तरी धुवावं ते यासाठी.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या. मुठीत दाबून धुवा, पिळू नका. ब्लीच नको आणि कपडे मऊ करणारं द्रावण तर नकोच, ते धाग्यांची एकमेकांवरची पकड घालवतं. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा. दोरीवर एका टोकानं टांगलं तर पाण्याच्या वजनानं ते लांब होतं आणि तसंच वाळतं. इस्त्री नको. वाळल्यावर न ताणता गुंडाळा. ताणून गुंडाळलेलं बँडेज बांधायच्या आधीच थकलेलं असतं.

नवं असतानाच त्याच्या मधल्या भागावर पेनानं १० सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके करून ठेवा. प्रत्येक धुण्यानंतर बँडेज सैल ठेवून ते अंतर मोजा. १२ सेंटिमीटरच्या आसपास गेलं आणि धुऊनही परत आलं नाही, तर ते निवृत्त करा. हा घरगुती मापदंड आहे, पण नुसत्या डोळ्यांनी पारखण्यापेक्षा कितीतरी बरा. दोन बँडेजं ठेवावीत, एक पायावर आणि एक दोरीवर नव्हे, टॉवेलवर.

क्रेपसोबत येणाऱ्या दातेरी क्लिपांऐवजी कागदी चिकटपट्टी वापरा. क्लिप निसटून अंथरुणात पडते, आणि घरात लहान मूल असेल तर ती त्याच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : बँडेज किती घट्ट बांधावं हे दर वेळी ‘जास्त घट्ट नको, जास्त सैल नको’ असं सांगितलं जातं. नेमकं काही सांगता येईल का?

येईल, आणि हा प्रश्न आला याचा आनंद आहे. पुनर्वापराच्या चर्चेत तो मागे पडतो, पण चुकीच्या ताणानं बांधलेलं कोरं करकरीत बँडेजसुद्धा जुन्याइतकंच घातक.

बँडेजखालचा दाब चार गोष्टींवर ठरतो : ताण, थरांची संख्या, अवयवाचा घेर आणि पट्टीची रुंदी. ताण आणि थर वाढले की दाब वाढतो. घेर आणि रुंदी वाढली की कमी होतो. हिशेब असा : ताण किलोमध्ये, गुणिले थर, गुणिले ४६२०, त्याला घेर आणि रुंदी यांच्या सेंटिमीटरमधल्या गुणाकारानं भागा. उत्तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये येतं, म्हणजे रक्तदाब मोजतो त्याच मापात.

२२ सेंटिमीटर घेराचा घोटा, १० सेंटिमीटर रुंद पट्टी, अर्धा किलो ताण, निम्म्यावर निम्मा वेढा म्हणजे दोन थर : दाब २१. त्याच ताणानं ३६ सेंटिमीटरच्या पोटरीवर सुमारे १३. म्हणजे सारख्या हातानं खालून वर गेलं तर दाब आपोआप वर कमी होत जातो, आणि रक्त वर चढायला तेच हवं असतं. पण घोट्यावर १० ऐवजी ५ सेंटिमीटरची पट्टी त्याच ताणानं बांधली की दाब ४२.

आता बोट घ्या. घेर ६ सेंटिमीटर, पट्टी २.५ सेंटिमीटर, ताण फक्त १०० ग्रॅम. दोन थरांना दाब सुमारे ६२. ‘सुटू नये’ म्हणून त्याच जागी आणखी दोन वेढे दिले की चार थर आणि दाब १२३! निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब साधारण १२० असतो. म्हणजे त्या बोटात रक्त जाणंच बंद. शंभर ग्रॅम ताण हाताला जाणवतही नाही. बोटाला कोहेसिव्ह बँडेज बांधून रात्रभर झोपणं का वाईट, ते या एका आकड्यात आहे. लहान मुलाच्या बोटाला तर ते बांधूच नये. घेर आणखी कमी, आणि मुंग्या आल्या तरी ते सांगता येत नाही.

प्रत्यक्ष बांधताना असं करा. रोलमधून ३०-४० सेंटिमीटर पट्टी आधी सोडवून घ्या आणि क्षणभर सैल होऊ द्या. रोल अंगावर ठेवून थेट फिरवला तर थर सोडवायला लागणारी ओढच ताण म्हणून पट्टीत जाते आणि ती प्रत्येक वेढ्यात वेगळी असते. घोटा काटकोनात ठेवा. हाडाच्या उंचवट्यांवर कापसाचा किंवा गॉझचा थर द्या. सुरुवात बोटांच्या बाजूनं, पहिला वेढा ताण न देता. पुढचे वेढे निम्म्यावर निम्मा बसेल असे, घोट्याभोवती इंग्रजी ८ च्या आकड्यात. पट्टी जेवढी ताणू शकते त्याच्या साधारण निम्मी ताणा; पृष्ठभागावरच्या बारीक चुण्या पूर्ण गुळगुळीत झाल्या तर ताण जास्त झाला. शेवटचा वेढा पुन्हा ताणाशिवाय, आणि तळहात फिरवून दाबा. बोटांची टोकं उघडी ठेवा.

मग नखावर पाच सेकंद दाब द्या. नख पांढरं पडेल. सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हीच तपासणी १०-१५ मिनिटांनी आणि पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी करा, कारण मुरगळल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सूज वाढते आणि सकाळी बरोबर असलेलं बँडेज संध्याकाळी घट्ट झालेलं असतं. मुंग्या, बधिरपणा, गार पडलेली किंवा निळसर-पांढरी बोटं, बांधल्यावर वाढलेली वेदना : यातलं एकही लक्षण दिसलं तर वाट पाहू नका, सोडा. सोडूनही रंग किंवा संवेदना लगेच परत आली नाही तर तातडीनं डॉक्टरांकडे जा.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी, चालताना पोटरी दुखून थांबावं लागणाऱ्यांनी आणि पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असलेल्यांनी दाब देणारं कुठलंही बँडेज तपासणीशिवाय बांधू नये. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढून डॉक्टर ते ठरवतात. दुखतंय हे कळणंच जिथे कमी झालंय, तिथे वरची लक्षणं वेळेवर सापडत नाहीत.

प्रश्न : आईच्या पायावर शिरांचा व्रण, म्हणजे शिरांच्या विकारानं झालेली जखम आहे. नर्स दर आठवड्याला चार थर बांधतात आणि सोडलेलं सगळं टाकतात. वरचा थर तर जखमेला लागतही नाही. तो तरी धुऊन द्यावा का?

देऊ नका. चार थरांच्या त्या पद्धतीत आत मऊ अस्तर, मग क्रेप, मग लवचीक पट्टी आणि सर्वांत वर कोहेसिव्ह असतं. वरचा थर जखमेला लागत नाही हे खरं, पण बाकीचे तीन थर जागेवर ठेवणं आणि दाबाचा शेवटचा वाटा उचलणं हे त्याचंच काम. घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर दाब आठवडाभर टिकावा असा सगळा हिशेब असतो. एक थर थकलेला असला की व्रण भरायला लागणारा वेळ वाढतो. धुऊन वापरता येणारी, कमी ताणणारी सुती बँडेजं असलेली पद्धतही आहे. ती आईला चालेल का, हे नर्सना जरूर विचारा.

प्रश्न : बँडेज काढल्यावर त्वचेवर पट्टीच्या आकाराचं लाल, खाजणारं पुरळ आलं. घट्ट झालं होतं का?

घट्ट पट्टीची खूण वेढ्यांच्या रेघांसारखी उमटते आणि काही तासांत ओसरते. पट्टीच्या आकाराचं, खाजणारं, एक-दोन दिवसांनी उठणारं आणि रेंगाळणारं पुरळ हे बहुधा रबर तयार करताना वापरलेल्या रसायनांची ॲलर्जी असतं. यापेक्षा वेगळी आणि जास्त गंभीर ॲलर्जी रबराच्या चिकातल्या, म्हणजे लॅटेक्समधल्या प्रथिनांची. ती काही मिनिटांत दिसते : गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, शिंका, दम लागणं. दम लागला तर ती आणीबाणी आहे. केळं, ॲव्होकाडो किंवा किवी खाल्ल्यावर तोंडाला खाज येणाऱ्यांपैकी काहींना ही ॲलर्जी असते.

पुढच्या वेळी लॅटेक्सविरहित असं स्पष्ट लिहिलेलं बँडेज घ्या आणि खाली सुती मोजा किंवा गॉझची पट्टी द्या. ज्याला लॅटेक्सची ॲलर्जी आहे अशा माणसाच्या हाती दुसऱ्यानं वापरलेलं, पाकीट हरवलेलं बँडेज जाणं, हे पुनर्वापर टाळण्याचं आणखी एक कारण. पट्टी पाहून लॅटेक्स आहे की नाही ते ओळखता येत नाही.

प्रश्न : कुत्र्याच्या पायाला पशुवैद्यांनी हेच बँडेज बांधलं आहे. सैल झालं म्हणून घरी सोडून पुन्हा गुंडाळलं. चालेल ना?

पुन्हा गुंडाळायला नको होतं. केस मधे आल्यामुळे दुसऱ्यांदा ते आणखी कमी धरतं, आणि सैल पट्टी खाली घसरून पंजाच्या वर कडं तयार होतं. सैल झालं की आतल्या कापसासकट पूर्ण काढून नवं बांधायचं, शक्यतो पशुवैद्यांकडूनच.

रोज दोनदा मधल्या दोन बोटांकडे पाहा. ती उघडी ठेवलेली असतात ती याचसाठी. त्यांची नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली तर पंजा सुजतो आहे, म्हणजे वर घट्ट झालं आहे. बाहेर नेताना वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि घरात आल्यावर लगेच काढा. ओलं झालेलं बँडेज त्याच दिवशी बदला. कुत्रा ते चावत असेल तर गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घाला, कारण गिळलेली लवचीक पट्टी आतड्यात अडकू शकते.

प्रश्न : मग सोडलेल्या पट्टीचं करायचं तरी काय?

रक्त, पू किंवा मलम लागलं असेल तर कागदात गुंडाळून बंद पिशवीत, कचऱ्यात. संडासात टाकू नका, ती विरघळत नाही. कंपोस्टमध्येही नको, त्यातलं कापड बहुधा कृत्रिम धाग्याचं असतं आणि ते कुजत नाही.

पट्टी मोज्यावरची किंवा कापडावरची असेल आणि स्वच्छ, कोरडी असेल, तर अंगाला न लागणारी कामं तिला द्या : वायरींची जुडी बांधणं, वाद्य किंवा काचेची वस्तू हलवताना भोवतीचं फडकं जागेवर धरणं, रंगाच्या ब्रशाची घसरणारी मूठ गुंडाळणं. फक्त ती प्रथमोपचाराच्या पेटीत परत जाऊ नये. घाईच्या वेळी पेटीत हात घालणाऱ्याला ती वापरलेली आहे हे कळत नाही. सोडल्याबरोबर कात्रीनं तिचे दोन तुकडे करून टाकले की ती शंकाच राहत नाही. आणि ती कात्री बोथट टोकाची असू द्या. अंगावरून कापून काढतानाही तीच लागते, जखमेच्या आणि हाडाच्या विरुद्ध बाजूनं, खालच्या कापसावर टोक टेकवून.